सात टक्के

भंडारा जिल्ह्यात तळी मोजायला बसलं तर माणूस म्हातारा होईल, पण समुद्र काही सापडायचा नाही. तरी अड्याळच्या सुगतनं अकरा वर्षं समुद्राचं मीठ खाल्लं होतं. मुंबईहून हेलिकॉप्टरनं तासाभराच्या अंतरावर, भर पाण्यात लोखंडी पायांवर उभ्या असलेल्या रिगवर तो मड इंजिनिअर होता. मड म्हणजे चिखल. कोणी विचारलं की त्याची आई धुरपता सरळ सांगायची, "पोरगा समुद्रात चिखल करते," आणि स्वतःच हसायची. पण गोष्ट खरी होती. तेलाची विहीर खोदताना नळीतून चिखल खाली सोडतात आणि नळीच्या बाहेरून तो परत वर येतो. चिखल नीट असला तर विहिरीच्या भिंती उभ्या राहतात. बिघडला तर ढासळतात. तो नीट ठेवायचा पगार सुगतला मिळत होता.

एप्रिलच्या शेवटी तो सुट्टीवर घरी आला होता, तेव्हा एकोडीहून सोमाजीकाकांचा फोन आला.

"सुगतबाबू, विहीर ढासळून राहिली ना. तीन डाव झालं. खोदणारे पळून गेले. तू मातीचा डॉक्टर हायेस. येऊन पाह्य एक डाव."

"येतो काका," सुगत म्हणाला. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवून तो मोरीत गेला आणि हात धूत बसला. हात स्वच्छच होते.

आठ महिने त्यानं एकोडीचं तोंड पाहिलं नव्हतं. सोमाजीकाकांचा एकुलता एक मुलगा मंगेश त्याच रिगवर, त्याच्याच हाताखाली होता. पंप सांभाळायचे आणि मडमध्ये पोती ओतायची हे मंगेशचं काम. आठ महिन्यांपूर्वी तो तिथं मेला. त्याला गावी पोचवायला कंपनीनं दुसऱ्याच माणसाला पाठवलं. तेरवीला सुगतनं चौकशीचं कारण सांगितलं. चौकशी खरंच चालू होती, पण त्या दिवशी तिला सुट्टी होती.

वाईट असं की मंगेशला रिगवर नेलं तेही सुगतनंच. सुगतचे वडील, बाबुलाल मास्तर, एकोडीच्या शाळेत वीस वर्षं होते. सुगत तिथंच वाढला, सोमाजीकाकांच्या धानाच्या बांधीतल्या चिखलात लोळला. मास्तरांवर काकांचा असा जीव होता की घरात काही कागद आला तर तो आधी मास्तरांकडे जायचा आणि मग देवापुढे. पुढे मंगेश साकोलीला आयटीआय झाला, तसे काका मास्तरांकडे आले आणि म्हणाले, "तुमच्या पोराच्या हाताखाली लावून द्या. मंग मले घोर नाही." मास्तर जाऊन आता चार वर्षं झाली होती. बरंच झालं, असं अलीकडे सुगतला वाटायचं, आणि वाटलं की स्वतःचीच शरम यायची.

आता अंगठ्याचं सांगायला हवं.

समुद्राच्या तळाखाली शेल नावाचा खडक लागतो. खडक कसला, दाबून दाबून घट्ट झालेली मातीच ती, पापुद्र्या-पापुद्र्यांची. खोदताना तिचे तुकडे मडबरोबर वर येतात आणि हलत्या चाळणीवर पडतात. मंगेशची एक सवय होती. येता-जाता तो चाळणीवरचा तुकडा उचलायचा, अंगठा आणि बोटाच्या मधे दाबायचा, वास घ्यायचा आणि टाकून द्यायचा. धान कापताना कधीतरी विळा लागला होता, त्याचा आडवा व्रण त्याच्या उजव्या अंगठ्यावर होता. दाबलेल्या तुकड्यावर तो व्रणसुद्धा उमटायचा. त्यावरून रिगवरचे लोक त्याला चिडवायचे, की याला सही करता येत नाही, हा अंगठाबहाद्दर आहे.

मंगेश गेल्यानंतर सुगत पहिल्यांदा रिगवर परतला, तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी नमुन्याच्या ताटलीत एक तुकडा दाबलेला होता. अंगठ्याचा ठसा, आणि ठशावर आडवी रेघ. सुगतनं चाळणीवरच्या दोघांना विचारलं. दोघंही नवीन होते, मंगेशचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी पुन्हा. मग त्यानं विचारणं सोडलं. रोज सकाळी तो आधी तो तुकडा काढून समुद्रात फेकायचा आणि मग कामाला लागायचा. पुढची विहीर दुसरीकडे होती, वीस मैलांवर. तुकडा तिथंही होता.

घरी आल्यावर तरी सुटका होईल, असं त्याला वाटलं होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी धुरपतानं कणीक मळून झाकून ठेवली आणि झाकण काढल्यावर ओरडली, "काहून रे, लहान हायेस का? कणीक कायले दाबतेस?" सुगत उठून गेला. कणकेच्या गोळ्यावर मधोमध अंगठा होता. आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे पाहिलं. सुगतचा अंगठा कोरा. तिनं गोळा पुन्हा मळला आणि संध्याकाळी त्याला म्हणाली, "विहारात जाऊन बस जरा. मनात काही असंल त सांगून टाक कोणाले तरी."

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगाच नाही. मनात होतंच.

झालं होतं ते असं. साधं पाणी शेलच्या पापुद्र्यांत शिरलं की ती फुगते, फुगली की सुटते. म्हणून मडमध्ये पोटॅश घालतात. कृषी केंद्रात खताचं पोतं मिळतं तेच पोटॅश, फक्त पांढरं आणि जास्त शुद्ध. त्याचे कण पापुद्र्यांत जाऊन बसतात आणि पाण्याला शिरकाव देत नाहीत. पण खडक असा पोटॅश खात जातो आणि मडमधलं कमी होत जातं. म्हणून रोज मोजायचं. त्या विहिरीला सात टक्के पाहिजे होतं.

मोजायला दोन रस्ते. एक खरा. त्यात एक रसायन घालून, यंत्रात गरगर फिरवून, नळीच्या तळाशी बसलेला पांढरा साका मोजावा लागतो. दुसरा सोपा. पोटॅशबरोबर क्लोराइड येतं, ते मोजायचं आणि त्यावरून पोटॅशचा हिशेब काढायचा. सोप्या रस्त्यात एकच खोट आहे. क्लोराइड समुद्राच्या पाण्यातही असतं, आणि रिगच्या चारी बाजूंना तेच असतं.

त्या आठवड्यात खऱ्या चाचणीचं रसायन संपलं. बोट दोन दिवसांनी येणार होती. मड कमी पडलं म्हणून त्यात समुद्राचं पाणी घातलं होतं, आणि हे सुगतला माहीत होतं. दोन दिवसांत काय होतंय, असं म्हणून त्यानं सोपा रस्ता धरला. अकरा वर्षांचा अनुभव होता ना! अनुभवी माणूसच अशी चूक करतो, नवशिक्याची हिंमत होत नाही. क्लोराइड भरपूर आलं. रिपोर्टच्या रकान्यात त्यानं लिहिलं, सात टक्के. आणि खाली लिहिलं, एका पाळीला चाळीस पोती पुरे.

दुपारी मंगेश त्याच्या केबिनमध्ये आला. हातात दाबलेला तुकडा. लोकांसमोर तो 'सर' म्हणायचा, एकटा असला की 'भाऊ'.

"भाऊ, माती लोण्यावानी येऊन राहिली. काल कशी कडक होती. पोटॅश कमी पडून राहिलं जी."

"आकडा सात हाये, मंगेश."

"आकडा असंल. पण माती तशी नाही ना सांगून राहिली."

"तू पोते टाक," सुगत म्हणाला. "आकडे माह्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन हजार मीटर खाली भिंत सुटली आणि मडची वर यायची वाट बंद झाली. पंप मात्र वरून रेटतच होता. दाब चढला आणि पंपाच्या खोलीत जाड नळीचा सांधा उडाला. मंगेश समोर होता. तो जागीच गेला. त्याच्यामागे केरळचा बिजू उभा होता, त्याचा डावा हात कोपरापासून गेला.

चौकशीच्या साहेबांनी मडचा नमुना किनाऱ्यावर तपासून घेतला. पोटॅश निघालं साडेतीन टक्के. त्यांनी सुगतला विचारलं, "तुमच्या रिपोर्टमध्ये सात आहे. मग पोती कमी टाकली गेली असतील का?" रिकामी पोती आधीच बोटीनं गेली होती, मोजायला काही उरलं नव्हतं. सुगतला तेव्हाच सांगता आलं असतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. तो म्हणाला, "असू शकतं."

एवढेच दोन शब्द. त्यातून अहवालात एक वाक्य तयार झालं, की मिश्रण करणाऱ्या कर्मचाऱ्याकडून हयगय झाल्याची शक्यता नाकारता येत नाही. अहवालाची प्रत मंगेशच्या घरी गेली. मास्तर नव्हते, म्हणून काकांनी ती टेकचंदकडे नेली. हा टेकचंद एकोडीचा स्वयंघोषित वकील. घरात बसून वाचलं तर त्याचं वाचन पचत नाही. त्यानं पानठेल्यावर उभं राहून मराठीत अर्थ सांगितला, की मंगेशनं आळस केला, पोती टाकलीच नाहीत, आपला जीव घालवला आणि दुसऱ्याचा हात.

ज्या माणसाचं पोरगं गेलं, त्याच्या पोराचं नावही गेलं. हे सगळं घेऊन सुगत मोटारसायकलवर बसला आणि लाखनी, साकोली करत एकोडीला पोचला.

काका घरी नव्हते. रुखमिणीकाकूनं दारातूनच सांगितलं, "वावरात गेले. तळ्याच्या मांगं. तू हो पुढं, मी भाकर घेऊन येतो." तिनं त्याला बस म्हटलं नाही. कदाचित सहज असेल. सुगतला आता काहीच सहज वाटत नव्हतं.

तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, जाताना त्याची चाल मंदावली. ही पाळ चाळीस वर्षं सोमाजीकाकांनी राखली. कुठं खेकड्यानं बीळ केलं, कुठं पाणी झिरपतंय, हे त्यांना पाळीवरून अनवाणी चालताना कळायचं. गावात अजून म्हणतात, सोमाजीनं पाय ठेवला की पाळ बोलते.

काका विहिरीच्या काठावर बसले होते. नुसती हाडं राहिली होती. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा मंगेशनंच ही विहीर खोदायला काढली होती. उन्हाळी धान घ्यायचं, बाबांना तळ्याच्या पाण्याची वाट पाहायला लावायचं नाही, असं त्याचं ठरलं होतं. वीस हातांवर करडी माती लागली आणि तिथून भिंत सुटायला लागली. वर चाकाला दोर आणि बाजूला उपसलेल्या मातीचा ढीग.

"आलास? बरं केलं," काका म्हणाले. त्यांनी ढिगातली माती उचलली, अंगठा आणि बोटात दाबली, वास घेतला आणि टाकली.

हुबेहूब तेच. मंगेश ते कुठून शिकला, हे आठ महिन्यांत सुगतच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुमी शिकवलं का हे मंगेशले?"

"शिकवाचं काय त्यात? लहानपणी संग यायचा पाळीवर. मातीले विचारावं लागते बाबू, ते खोटं नाही बोलत." काका उठले. "आता तू सांग. म्या ठरवलं हाये, सिमेटच्या रिंगा आणून ठेवल्या. पण रिंग बसवाच्या आधी खालचा गाळ काढा लागते. मजूर उतरत नाही. मीच उतरतो. भिंत घंटाभर तग धरंल का, एवढं सांग."

सुगत खाली वाकला. ढिगाच्या वरच, आत्ता काकांनी टाकला त्याच्या शेजारी, एक तुकडा पडला होता. दाबलेला. ठशावर आडवी रेघ. त्यानं काकांच्या हाताकडे पाहिलं. उजवा अंगठा राठ होता, भेगाळला होता, पण व्रण नव्हता.

"कोणी आलं होतं का इथं?"

"इथं कोण येते? माह्या घरी बी कोणी येत नाही आता."

सुगतनं काकांचा पाण्याचा लोटा घेतला आणि तो तुकडा त्यात सोडला. खरं सांगायचं तर ही सगळ्यात जुनी चाचणी. यंत्र लागत नाही, रसायन लागत नाही, लागतो फक्त धीर. तो उन्हात लोट्यावर वाकून बसला. आधी बुडबुडे आले. मग कडा फुगल्या आणि गळून पडल्या. ठसा पुसट झाला, सगळ्यात शेवटी ती आडवी रेघ गेली, आणि लोट्याच्या तळाशी नुसता चिखल उरला.

"नका उतरू काका," तो म्हणाला. "ही माती पाण्यात पाच मिनिटं नाही टिकत. खाली झरा हाये. भिंत कधी बी खाली येईल."

"कधी बी म्हणजे? आज का उद्या?"

"ते नाही सांगता येत."

"मंग घंटाभर टिकंल बी." काकांनी कमरेला गमछा आवळला आणि दोरशिडी आत सोडली.

"काका, ऐका ना. मशीन बोलावू. दुसरीकडे खोदू."

"दुसरीकडं कायले? जागा त्यानं पाहिली होती." काकांनी एक पाय शिडीवर ठेवला. "आन् आलीच भिंत, त आली. मले कायचं भेव आता? तुले ठाऊक हाये, म्या त्या केरळवाल्याले चिठ्ठी पाठवली. टेकचंदकडून लिहून घेतली, इंग्रजीत. माह्या पोरापायी तुमचा हात गेला, माफ करा म्हणून. त्याचं उत्तर नाही आलं. कसं येईल? एका हातानं काय लिहील तो?"

बिजूचा उजवा हात शाबूत आहे, हे काकांना कोणी सांगितलं नव्हतं. सुगतला ते सांगायचं होतं, पण तोंडातून दुसरंच निघालं.

"मंगेशनं पोते टाकले होते."

काका थांबले. एक पाय शिडीवर, एक काठावर.

"काय म्हणतेस?"

"चाळीसच्या चाळीस टाकले. म्या चाळीसच सांगतले होते. पाह्यजे होते दुप्पट. म्या आकडा चुकीच्या रस्त्यानं काढला. समुद्राचं पाणी मिसळलं हाये हे माहीत असून काढला. मंगेश आला होता माह्याकडं, आदल्या दिवशी. माती लोण्यावानी झाली म्हणे. म्या त्याले म्हटलं, आकडे माह्यावर सोड. मंग साहेबानं विचारलं, पोते कमी पडले का, त म्या म्हटलं, असू शकते. काका, वर या. हात जोडतो. तो चोर नव्हता. तुमी वर या पहिले."

त्याला वाटलं होतं, हे बोललं की छातीवरचा दगड उतरेल. तसलं काही झालं नाही. दगड तिथंच राहिला, फक्त आता तो दोघांना दिसत होता.

काका वर आले. सावकाश, दोन्ही हातांनी काठ धरून. बाजूच्या पळसाखाली जाऊन बसले. मारतील, असं सुगतला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. काकांनी गमछ्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "हे कागदावर देशील?"

"देतो."

"तुही नोकरी?"

"जाईल."

"दे मंग."

सुगतनं मोबाइल काढला. चौकशीच्या साहेबांचा ईमेल पत्ता होताच. त्यानं लिहिलं, काय मोजलं नाही, काय मोजलं, मंगेश काय म्हणाला, स्वतः काय म्हणाला आणि नंतर काय लपवलं. लिहिलेलं मराठीत काकांना सांगितलं. आठ महिने जे जमलं नाही, ते पंधरा मिनिटांत झालं, याची त्याला चीड आली. मग त्यानं पाठवायचं बटण दाबलं. मेल गेला.

तेवढ्यात विहिरीत आवाज झाला. मोठा नव्हता. कोणी ओलं पोतं जमिनीवर टाकावं तसा, आणि त्यामागून पाण्याचा. काठाजवळची जमीन हातभर खचली, दोरशिडीची एक बाजू सुटून आत गेली आणि धूळ वर आली. दोघंही तिकडं पाहत राहिले. घंटाभर सोडाच, अर्धा तासही झाला नव्हता.

"काय झालं?" पाळीवरून रुखमिणीकाकू धावत येत होती. डोक्यावरची टोपली तिनं एका हातानं धरली होती. काका बसलेले दिसले तशी ती थांबली, दम घेतला आणि टोपली खाली ठेवली. "मले वाटलं, उतरले तुमी."

"उतरत होतो," काका म्हणाले. "यानं नाही उतरू देलं. इकडं ये. हा काय म्हणते ते आयक."

सुगतला पुन्हा सगळं सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं, कारण ती मधे एकदाही बोलली नाही. उन्हात उभी राहून ऐकत होती. तो थांबल्यावर तिनं एकच विचारलं.

"पोते टाकले होते ना त्यानं?"

"सगळे, काकू."

"म्या म्हणत होतो." ती नवऱ्याकडे वळली. "म्या पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, माहा पोरगा कामात चोरी नाही करत. तुमी टेकचंदचं आयकलं. चिठ्ठ्या पाठवल्या."

काकांनी मान वर केली नाही. हातातला गमछा ते पिळत होते.

"टेकचंदचं नाही आयकलं," ते म्हणाले. "फोन आला होता त्याचा."

"कोणाचा?"

"मंगेशचा. आदल्या दिवशी, सांजेले. तू तळ्यावर गेली होतीस. म्हणे, बाबा, माती बिघडून राहिली, भाऊले सांगतलं, भाऊ म्हणते आकडा बरोबर हाये. काय करू? मोठ्या साहेबाकडं जाऊ का? म्या म्हटलं, मास्तरचा पोरगा हाये तो. त्याच्यावर तू जासीन काय, अंगठ्यानं माती दाबून? त्याच्या आकड्यावर विश्वास ठेव आन् गप आपलं काम कर. मंग कागद आला, तवा मले वाटलं, पोते मंगेशनं टाकले नसतील, म्हणून माती बिघडली, आन् आपलं झाकाले त्यानं सुगतवर ढकललं. म्या याच्यासाठी माह्या पोराले खोटं पाडलं. मेल्यावर बी पाडलं."

"आठ महिने," रुखमिणीकाकू म्हणाली. "आठ महिने तुमी मले सांगतलं नाही, त्याचा फोन आला होता म्हणून."

"काय सांगू? शेवटचं काय बोललो ते?"

सुगत उभा होता तिथंच खाली बसला. त्याला वाटत होतं, चूक त्याच्या एकट्याची आहे. ती वाटून घ्यायला दुसरं कोणी निघालं, तर ओझं हलकं व्हायला पाहिजे होतं. पण ते तसं झालं नाही. मंगेशनं दोन दारं ठोठावली होती. दुसरं दार सुगतच्या नावानंच बंद झालं होतं, मास्तरांच्या पुण्याईनं. हे त्याला आजपर्यंत माहीत नव्हतं आणि आता ते कधी विसरता येणार नव्हतं.

"म्हणजे त्यानं याले सांगतलं," रुखमिणीकाकू बोटं मोजल्यासारखी हळूहळू बोलत होती, "आन् तुमाले सांगतलं. आन् माह्या लेकराचं कोणीच नाही आयकलं."

विहिरीत अजून थोडी थोडी माती पडत होती.

ती रडेल, असं दोघांना वाटलं. ती रडली नाही. पदर खोचून ती सुगतच्या समोर मातीत बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ.

"सांग," ती म्हणाली. "त्या दोन दिवसांत काय काय म्हणे तो, सारं सांग. मातीचंच नाही. सारं. सकाळी उठला तिथून. एक शब्द बी सोडू नको."

सुगतनं सुरुवात केली. चहा पिताना मंगेश म्हणाला होता, चहात दूध कमी आहे. मग हेल्मेटचा पट्टा तुटला होता, त्यावरून काहीतरी. मग पंपाच्या खोलीकडे जाताना जिन्यावर थांबून त्यानं काहीतरी म्हटलं होतं, हसला होता, पण सुगतचं लक्ष हातातल्या कागदाकडं होतं. तिथं तो अडखळला.

"मंग?" ती म्हणाली.

"नाही आठवत, काकू. ऐकलं नाही म्या नीट."

"याद कर," ती म्हणाली, आणि वाट पाहत बसून राहिली.